आकाश ठीक आहे, यंत्र बिघडलंय

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमचे संचालक साहेब. प्रमुख पाहुणे, हवाई नियंत्रण कक्षाचे निवृत्त प्रमुख. आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना शिपायापासून संचालकांपर्यंत सगळे तात्या म्हणतात. पहिल्या रांगेतल्या काकू. आणि मागच्या दारापाशी चहाच्या किटलीवर नजर ठेवून उभे असलेले माझे सहकारी, सगळ्यांना नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. आमच्या वेधशाळेत पाच मिनिटांत काही होत नाही. सूर्यावरून निघालेला उजेड इथं पोचायलाच आठ मिनिटं घेतो, आणि तात्यांना हाक मारली की तेही आठ मिनिटांनीच येतात. काकू मान हलवताहेत. जेवायला बोलावलं तरी आठच ना? वाटलंच मला.

आधीच्या वक्त्यांनी तात्यांची शिस्त सांगितली, अक्षर सांगितलं, छत्री न विसरण्याची सवय सांगितली. सगळं खरं आहे. पण तात्यांच्या सेवापुस्तकात एक लाल शेराही आहे, तो कुणी सांगितला नाही. चौतीस वर्षांत एकच. 'निष्काळजीपणाने यंत्र बंद ठेवले व नियंत्रण कक्षाला चुकीची माहिती दिली.' त्या एका ओळीपायी त्यांची बढती गेली, आणि अकरा वर्षं त्याच डुगडुगत्या खुर्चीत काढली त्यांनी.

काय तात्या? 'विषय बदल'? बदलतो की. जरा विज्ञानाकडे वळतो.

मघाशी पाहुण्यांच्या घरच्या वहिनींनी मला विचारलं, "हवामान म्हणजे पाऊस कधी पडणार ते का?" नाही वहिनी. पाऊस आमच्या फार खाली पडतो. आमचं हवामान शंभर किलोमीटरवर वगैरे सुरू होतं. तिथली विरळ हवा उन्हाच्या माऱ्यानं विद्युतभारित होते, आणि लघुलहरींचा रेडिओ तिच्यावर आपटून परत येतो, भिंतीवर मारलेल्या चेंडूसारखा. समुद्रावरची विमानं त्या भिंतीच्या भरवशावर बोलतात. आमचं यंत्र दर पंधरा मिनिटांनी वर हाक मारतं आणि ओ यायची वाट बघतं. ओ आली की पडद्यावर एक वाकडी रेघ उमटते. नाही आली तर वहीत खूण करायची. गोल म्हणजे आकाश गप्प आहे. फुली म्हणजे यंत्र बंद आहे.

एवढंच काम. शेंबडं पोर करील, असं मलाही वाटलं होतं. मी त्याआधी नऊ वर्षं रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होतो. तिथं आवाज येईना म्हणजे आत काहीतरी जळालंय. 'आकाश बिघडलंय, बघता का जरा' म्हणून कुठलं गिऱ्हाईक येत नाही.

माझ्या नोकरीला वीस दिवस झाले होते, अजून कच्चीच होती. भर दुपार. स्वयंपाकघरातला नळ उडाला म्हणून काकूंचा फोन आला आणि तात्या घरी गेले. खोलीत दोघं हवेत असा नियम आहे, पण घरात पाणी साचत असताना नियम कोण बघतो? जाताना दारातून सांगून गेले, "काही झालं तर आधी खिडकीपाशी लावलेल्या क्ष-किरणांच्या आलेखावर सूर्य काय म्हणतो ते बघ, मग स्क्रूला हात लाव."

ते गेले आणि पडद्यावरची रेघ गेली. साफ. जणू फडक्यानं पुसली.

मी आलेख पाहिला का? नाही. मी स्क्रूड्रायव्हर पाहिला. यंत्र बंद केलं, झाकण काढलं, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि सुटे भाग ओळीनं मांडले. दुकानदारी अंगात मुरलेली. वहीत ठसठशीत फुली मारली. आणि तेवढ्यात फोन वाजला. पलीकडून आवाज आला, "टपालाच्या विमानाशी बोलणं तुटलंय. तुमच्याकडे आकाश कसं आहे?"

मी म्हणालो, "आकाश ठीक आहे, यंत्र बिघडलंय."

काय झालं पाहुणे साहेब? हो. तो आवाज माझाच. आपण तो अकरा वर्षं तात्यांचा समजत आलात. खुर्ची पुढे घ्या, अजून आहे.

वर काय झालं होतं? सूर्यावर मोठी ज्वाला उसळली होती. तिचे क्ष-किरण आठ मिनिटांत इथं आले आणि खालच्या थरात असा काही दाटपणा झाला की रेडिओची हाक भिंतीपर्यंत पोचण्याआधीच गिळली गेली. विमान धडधाकट होतं. वैमानिक बोलत होता, ऐकू कुणालाच जात नव्हतं. गोल मारला असता, 'आकाश गप्प आहे' एवढं सांगितलं असतं, तर नियंत्रण कक्ष नुसता थांबला असता. पण वेधशाळेनंच आकाश ठीक आहे म्हटल्यावर त्यांनी काय समजावं? विमानालाच काहीतरी झालं. दोन बचावनौका निघाल्या. धावपट्टीवर रुग्णवाहिका, बंब, सगळं हजर. मग विमान वेळेवर उतरलं. आत टपालाच्या पिशव्या आणि एक वैमानिक, तो खाली उतरून विचारतोय, "कोण येणार आहे?"

हसा, हसा. त्या दिवशी वैमानिकाच्या बायकोला कुणीतरी फोन केला होता. ती विमानतळावर अनवाणी आली होती. ते आठवलं की मला अजून हसू येत नाही.

तात्या परत आले तेव्हा माझं यंत्र जोडून झालं होतं आणि हातात एक स्क्रू उरला होता. त्यांनी आलेख पाहिला, वही पाहिली, स्क्रू पाहिला. म्हणाले, "हा कुठला?" मी म्हटलं, "माहीत नाही." ते म्हणाले, "नोकरी पक्की व्हायची आहे ना तुझी? मग दोन दिवस तोंड उघडू नकोस." आणि चौकशीत त्यांनी स्वतः लिहून दिलं, 'पाळी माझी होती, उत्तर मी दिलं.'

दोन दिवसांनी मला यंत्रासमोर बसवलं. "आता त्या ज्वालेबरोबर सुटलेले सूर्याचे कण पोचतील. वरची हवा तापेल आणि दूध वर यावं तशी फुगेल. कमी उंचीवरून फिरणारे उपग्रह तिच्यात अडखळतील. कळव सगळ्यांना." मी एकेकाला फोन लावून कळवलं. उपग्रहवाल्यांनी वेळेत कक्षा सावरल्या आणि मला प्रशस्तिपत्र आलं! ते चौकटीत घालून बैठकीच्या खोलीत लावलंय. एका आठवड्यातले दोन कागद. मानाचा माझ्या भिंतीवर, लाल त्यांच्या पुस्तकात.

"बस खाली", असं सत्कारमूर्ती म्हणताहेत. नाही बसत. तात्या, मी अकरा वर्षं बसलोच होतो.

काकू काय म्हणताहेत ऐकलंत? "बोलू द्या त्याला. नळाचं मीही कुणाला सांगितलं नव्हतं."

अध्यक्ष महोदय, 'नंतर बघू' म्हणू नका. साडेपाचला तात्यांची नोकरी संपते, आणि संपलेल्या सेवापुस्तकात खाडाखोड करता येत नाही, हे आपलंच परिपत्रक आहे. आत्ता पाच वाजून नऊ मिनिटं झालीत. माझा अर्ज तयार आहे. पाहुण्यांची हरकत नसेल तर साक्षीदार म्हणून त्यांची सही घेतो, फोन त्यांनीच केला होता. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती सोमवारपासून होऊ द्या. अर्ज वाचतो. 'सदर दिवशी यंत्र मी बंद केले. दूरध्वनीवर चुकीचे उत्तर मी दिले. त्यामुळे पन्नास मिनिटांची नोंद...'

काय तात्या?

"बावन्न. पन्नास नाही. लिहायचंच तर नीट लिही."

ऐकलंत साहेब? हरकत मागे घेतली त्यांनी. बावन्न करतो. ही घ्या प्रत, इथं सही. नाही, त्या ओळीखाली. पाहुणे साहेब, आपण इथं. आभारी आहे.

आयोजकांनी मला बोलू दिलं त्याबद्दल त्यांचे आभार. पुढच्या वेळी विचार करतील. तात्या आणि काकू यांना आरोग्य लाभो, आणि त्यांचे नळ शाबूत राहोत. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल, वेळ जास्त घेतला असेल, चहा गार झाला असेल, तर आपण सर्वांनी ते पोटात घालावं. त्या बावन्न मिनिटांचं तेवढं घालू नका. ते एका माणसानं अकरा वर्षं पोटात ठेवलं, पुरे झालं. ते वहीत राहू द्या, माझ्या नावानं.

नमस्कार.