साक्षीआधीचा गुरुवार

नाही, असं नाही चालायचं, विजयश्री — गोळ्या परत करते, नुसती प्रार्थना करा म्हणशील, तर मी नाही करायची. आधीच सांगून ठेवते. बस अशी बाकावर. तुझे मालक अजून आत डॉक्टरमॅडमशी बोलतायत, त्यांना वेळ लागणार — लागू दे की, तुझा समाधान बोलतोय हेच खूप झालं, नाहीतर कंपनीतून आला की भिंतीकडं तोंड करून पडतो, तूच म्हणालीस ना मघाशी? जेवत नाही, शिफ्टला जात नाही, शेजारचे आपल्यालाच हसतात म्हणतो. हां. तर त्याला अरुंधतीमॅडमनी गोळ्या लिहून दिल्या, ते त्यांचं काम. आणि हा दवाखाना चालवणारी संस्था आमची, ख्रिस्ती लोकांची, म्हणून हा बाक मला दिलाय — ज्याला पाहिजे त्याच्यासाठी मी प्रार्थना करते, ज्याला नको त्याला पाणी देते आणि गप्प बसते. तुला आमच्या देवाचं नाव नको वाटत असेल तर नुसतं ‘देवा’ म्हणेन, त्याला कळतं. पण ‘गोळी बंद कर’ हे या एस्तेरमावशीच्या तोंडून कधी निघायचं नाही. मॅडमनी बजावलंय, मावशी, तुमचा देव आणि माझं औषध यांची भांडणं लावायची नाहीत. बरोबरच आहे. आहे ना बरोबर?

आता तुला कुणी सांगितलं की मावशी प्रार्थनेनं बरी झाली? चाळीतल्या वर्षालीनं? तिला काय, तोंडात तीळ भिजत नाही. असू दे, अख्ख्या कुरुळीला माहितीय, त्यात काय लपवायचं — झाले होते मी आजारी. आमचे हे गेले, मुलगी नांदायला लांब श्रीरामपूरला, घर खायला उठायचं. आणि मागच्या शेडमधली पत्रे ठोकायची प्रेस दिवसभर धाडधाड चालायची, तर त्या आवाजात मला माझं नाव ऐकू यायला लागलं — एस्तेर, एस्तेर, असं. एके दिवशी तशीच निघाले, चपलासुद्धा घातल्या नाहीत, आणि आळंदीला नदीच्या पुलावर जाऊन उभी राहिले. एका रिक्षावाल्यानं हटकलं, म्हणाला, मावशी, बसा, घरी सोडतो — देवासारखा आला बघ. मग मॅडमनी औषध सुरू केलं, आणि आमची मंडळी, म्हणजे चर्चमधली माणसं, ती आळीपाळीनं उशाशी येऊन बसायची, प्रार्थना करायची, भाकरी-कालवण आणायची. इंदुताई तर माझी वेणी घालून द्यायच्या. त्यांचा हात डोक्यावरनं फिरला की रडू यायचं मला, आणि मग बरं वाटायचं. हळूहळू तो आवाज गेला. कशानं गेला? अगं, दोन्हीनं गेला! भात तांदळानं झाला का पाण्यानं, असं विचारतं का कुणी?

पण लोक विचारतात. विचारतात ना. येत्या रविवारी साक्ष आहे माझी — कोर्टातली नव्हे गं, आमच्यात उपासनेच्या वेळी सगळ्यांपुढं उभं राहून सांगायचं असतं, देवानं माझं काय भलं केलं ते. पिंपरीची मंडळीसुद्धा येणार आहे, गाडी करून. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, एस्तेरबाई, गोळ्यांचं कशाला मधे आणता, प्रार्थनेनं बऱ्या झालात एवढंच सांगा, खचलेल्यांना धीर येईल. वाईट माणूस नाही हां तो, माझ्यासाठी उपास धरलेत त्यानं. पण मी काय करायचं? तिथं उभं राहून खोटं बोलायचं? ते मला मेले तरी जमायचं नाही. बरं, खरं सांगावं, की गोळी रोज घेते म्हणून — तर ज्यांनी माझ्या उशाशी गुडघे टेकले त्यांची तोंडं पडणार, आमची प्रार्थना कमी पडली का म्हणणार, इंदुताई तर रडतील. म्हणून मग मी — म्हणजे साधा विचार केला — गोळी घेतच नसेन, तर बोललेलं खरंच झालं की नाही? म्हणून थांबवल्यात. थोड्या दिवसांपुरत्या. रविवार होऊ दे, मग बघू.

अशी बघू नको माझ्याकडं. मी तुला थांबव म्हणाले का? नाही म्हणाले. समाधानचं वेगळं, माझं वेगळं. वेगळं कसं म्हणजे — वेगळं आहे, बाई. मला साक्ष द्यायचीय. आणि मी काही झोपून नाहीये, उलट हे बघ, सकाळपासून सगळे बाक पुसले, खिडक्या पुसल्या, पडदे काढून धुतले, पाय म्हणून दुखत नाहीत. झोप नाही लागत, ते खरंय. भूक पण नाही. बोलतेय मी जास्त? कधीपासून बोलतेय? तुला एक शब्द बोलू दिला नाही ना — अंगात बळ आलंय गं, प्रभूचं बळ आहे ते, दुसरं काय असणार?

काय विचारलंस? तो आवाज? छे, ती शेड कधीच बंद पडली, आता तिथं टेम्पो लावतात. प्रेसचा आवाज कुठनं येणार? हा तसा नाही. हा हळू येतो. काल भांडी घासत होते तर आला, नाव घेऊन, अगदी मायेनं. मला इतका आनंद झाला, विजयश्री! वाटलं, प्रभूच हाक मारतोय, साक्षीआधी धीर देतोय. आमच्यात लहानपणापासून शिकवतात, देव नावानं हाक मारतो म्हणून. तशीच साबणाच्या हातांनी उभी राहिले आणि म्हणाले, बोल प्रभू, मी ऐकतेय. तर म्हणाला —

पुलावर ये म्हणाला.

प्रभू पुलावर बोलावेल का गं? दुसरं कुठंही बोलावेल, ज्या पुलावरनं त्यानंच मला परत आणलं, तिथं कशाला बोलावेल? रात्रीपासून हेच चाललंय डोक्यात. कुणाला विचारू? पाळकसाहेबांना विचारलं तर रविवारची साक्ष जाईल. मॅडमना विचारलं तर त्या म्हणतील, मावशी, गोळी घेताय ना — आणि मला खोटं बोलता येत नाही.

उठलीस का? कुठं निघालीस? अगं, तुला अजून बोलावलं नाही, मालक आहेत ना आत — ते दार नको वाजवू. विजयश्री. पोरी, मी तुला आपली म्हणून सांगितलं हे, मॅडमना नको सांगू. पिंपरीहून माणसं येणारेत, सगळी वाट बघतायत माझी, रविवार तरी होऊ दे —

नाही. थांबू नको. जा, सांग त्यांना. मला नाही सांगता यायचं.