मांडीवरच्या गिटारच्या चाव्या

— न्हाय, कुणी म्हंजे कुणी माझं खरं मानलं न्हाय, मल्लेशअण्णा! एकोणीस वर्सं घसा फोडून सांगते, गिटारच्या चाव्या माझ्या दिरानं नेल्या, अमरदीपनंच — तर गल्ली म्हणायची, केशरबाईच्या जिभेला हाड न्हाय. बसा की. गिटार दुरुस्तीला सोलापूरहून आलाव, चहा तर घ्या. माझी मशिन चालूच राहील, ब्लाऊज द्यायचाय आज. लेकीनं धाडलं ना तुम्हाला? व्हय, चैतालीनंच. बापाच्या वर्षाच्या पुण्यानुमोदनाला ते इजेवरचं डबडं, ती गिटार, वाजायला पायजे म्हणं. आन वाजवणार कोण — तर तोच अमरदीप, ह्यांच्यापाशी शिकलेला! चोराच्याच हाती किल्ल्या द्या.

दावा, काय आणलंय? ह्या? ह्या चाव्या तारा ताणायच्या हायत का बैल बांधायच्या? पितळी पट्टी रुंद हाय, जुन्या भोकांवर येतच न्हाय. मग पाडा नवी भोकं — न्हाय? लाकूड बिघडतंय? माणूस बिघडलेलं चालतं, लाकूड तेवढं बिघडू न्हाय! अगदी ह्यांच्यासारखं बोलता बघा. सांज झाली की ती गिटार मांडीवर आडवी घ्यायचे, पोलादी कांडी तारांवरून अश्शी फिरवायचे — लेकराच्या पाठीवरून हात फिरवल्यागत. खरी लेक रांगत आली की तिला पायानं बाजूला सारायचे. आन रंग बी चुकलाय तुमचा, अण्णा. ह्या पांढऱ्याफेक. आपल्या चाव्यांच्या बोंडांना कसा पिवळेपणा आलाय, म्हाताऱ्याच्या दातागत, आन डावीकडच्या मधलीला चीर गेलीय —

काय? गेल्या तवा नव्या होत्या? व्हय, नव्याच होत्या, दुधागत... मग पिवळ्या कधी बघितल्या म्हंजे? काय इचारता — अवो, मशिनीच्या ड्रावरला हात लावू नका! सुया हायत त्यात —

बघितलंत? बरं झालं. ठिवा इथं. तीन-तीनच्या दोन पट्ट्या, मोजून घ्या. मशिनीच्या ह्याच बारक्या पेचकसानं काढल्या म्या. एका दिसापुरत्या. वाशीला ह्यांच्या गायन पार्टीचा कार्यक्रम होता — म्हणलं, न्हाय गेले तर एक दिस लेकीला मांडीवर घेतील. दुसऱ्या दिशी लावणारच होते. तर ह्यांनी इचारलं, कुणी नेल्या? घरात दीर एकटाच, तोंडात त्याचंच नाव आलं. सासू म्हणली खोटं, गल्ली म्हणली खोटं. ह्यांनी तेवढं खरं मानलं. विहारासमोर सख्ख्या भावाच्या कानफटात दिली. तो तामलवाडीला गेला, तो गेलाच. मग कुठल्या तोंडानं लावू परत? ह्यांनी मेंडोलिनच्या चाव्या बसवून बघितल्या, तार टिकंना, गिटार भिताडाला गेली. मांडी रिकामी झाली, अण्णा. लेक तरी बी घेतली न्हाय.

आता तोंड कशाला पाडता? जुनं सामान हुडकत आलाव ना, मग सगळंच न्या. शेवटी घशाखाली पाणी उतरंना तवा म्हणले, केशर, अमरदीपला बलाव. म्या म्हणलं, निरोप धाडलाय, येत न्हाय म्हणतोय. धाडलाच नव्हता. ते बी खरं मानलं. भिताडाकडं तोंड केलं आन तसेच गेले.

उचला चाव्या. जुन्या भोकांवर नेमक्या बसतील. चैताली इचारंल, चोर कोण? सांगा, तुझी आई. पण कसूर कुणाचा म्हणली तर? सारी गल्ली मला खोटी म्हणत व्हती, एका माणसानं खरी मानली — भावाला एकदा न इचारता, एकदा सुदिक न इचारता! बायकोनं नवऱ्याचं नाव घेऊ न्हाय म्हणतात. म्या बी उभ्या जन्मात घेतलं न्हाय. आज घेते. उठा आता, चहा ऱ्हाऊ द्या, गाडी चुकंल. तिला म्हणावं, कसूरवार एकच — व्यंकट.