शिक्का मात्र शाबूत

विजेच्या वस्तू तपासणाऱ्या प्रयोगशाळेबाहेर एक बाई टेबललॅम्पचं खोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. हातात मासिक होतं, पण पान काही उलटेना. शेजारी किटल्यांचे कारखानदार आणि त्यांचा मेहुणा बोलत होते.

"दाजी, काय म्हणाले आत?"

"नापास. पाणी संपलं की किटली आपोआप बंद व्हायला हवी म्हणे. झाली नाही, बूडच वितळलं."

"आणि दांडीवरचा तो जगभर चालणारा सुरक्षिततेचा शिक्का?"

"पुसला जातो का बघायला त्यांनी पेट्रोलच्या बोळ्याने पंधरा सेकंद घासला. अक्षरन् अक्षर शाबूत!"

"वा! म्हणजे किटलीत तेवढाच सुरक्षित आहे."

"टोमणे नकोत."

"उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग! निकालाआधीच छापलात कसा?"

"अरे, दोन हजार किटल्या बाजारात गेल्यासुद्धा."

"ताई घरी हीच वापरते?"

"छे! तिला म्हटलं, तू आपलं पातेल्यातच तापव."

"आणि आम्हाला भेट दिलीत ती?"

"तिच्यावर शिक्का आहे ना?"

"आहे."

"मग झालं तर!"

मेहुण्याने घाईघाईने फोन लावला.

"अगं, किटलीला हात लावू नकोस. आधी मेन स्विच बंद कर!"