डोळे मिटून घेतलेलं घर

...आणि वर हा एजंट मलाच म्हणतो, "साहेब, डोळे मिटून घ्या." आता तुम्हाला सांगतो, तीस वर्षं मी चष्म्याच्या दुकानात लोकांना खालची ओळ वाचायला लावतोय, आणि हा मला डोळे मिटायला सांगणार? बरं, घर तरी कसलं, तर फ्रिज उघडायचा असेल तर आधी माणसानं स्वयंपाकघरातून बाहेर जायचं. दुसरं दाखवलं, त्याच्या खिडकीतून शेजाऱ्यांची न्हाणी दिसत होती, न्हाणीत शेजारी होते, आणि सभ्य माणूस, त्यांनी मान हलवून ओळखही दाखवली. मी म्हटलं, अहो हे काय? तर म्हणे, "ती त्यांची अडचण. तुम्ही डोळे मिटून घ्या."

आम्हाला हवं होतं काय? तळमजला. बस. आमच्या हिचे गुडघे गेलेत, भाड्याची जागा तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चार महिने ही खाली उतरली नव्हती. मी घरी आलो की विचारायची, आज कोण भेटलं, कोण काय म्हणालं... आणि मी चिडायचो, कारण मला कोणीच भेटलेलं नसायचं.

अकरावं घर मात्र चांगलं निघालं. तळमजला, दोन खोल्या, उजेड असा की भिंतीवरचं बारीक अक्षरही वाचता यावं. हिला न्यायचंच ठरवलं. एकेका पायरीवर बसत बसत ही अर्ध्या तासानं खाली आली, आणि तिथं पोचल्यावर दाराबाहेरच्या पायरीवर टेकली. पायरीवर आधीच एक म्हातारा बसलेला. घरमालक. मालक समोर असला की गिऱ्हाईक बिचकतं, म्हणून एजंटनं त्याला त्याच्याच घराबाहेर बसवला होता.

आम्ही आत टेप लावून भिंती मोजतोय, आणि बाहेर यांच्या गप्पा. बाहेर आलो तर ही हळूच म्हणते, "हे नको घेऊया. बायको गेली त्यांची गेल्या वर्षी. मुलगा एकटं राहू देत नाही म्हणून विकतायत. त्यांच्या मनात नाहीये."

एजंटचे कान तिखट. म्हणाला, "वहिनी, भावना कार्पेट एरियात धरत नाहीत."

मग मी काय केलं? घेतलं. कोणी म्हणेल, बायकोच्या गुडघ्यांसाठी घेतलं. खरं आहे. पण म्हातारा मला दिसत होता हो, स्वच्छ दिसत होता. तरी घेतलं, डोळे मिटून. सही करून झाल्यावर तो एवढंच म्हणाला, "मागच्या दाराची कडी जरा उचलून लावावी लागते."

राहायला गेलो. आठव्या दिवशी सकाळी कुलपात कोणीतरी खुडबुड करतंय. दार उघडलं तर म्हातारा. एका हातात जुनी किल्ली, दुसऱ्या हातात दुधाची पिशवी. क्षणभर माझ्याकडे असा पाहत राहिला, जणू मीच चुकीच्या घरात शिरलोय. मग त्याच्या लक्षात आलं. नंबर वाढलाय म्हटल्यावर पडलेले चेहरे मी रोज बघतो, पण तसा चेहरा... जाऊ दे.

मी काही बोलणार, तेवढ्यात आतून हिचा आवाज, "दूध आत घ्या. आणि त्यांनाही."

दुपारी एजंटला फोन लावला. म्हटलं, तुम्ही घर रिकामं देणार होतात ना? म्हणाला, "रिकामंच दिलंय की साहेब. नंतर कोण येतं ते माझ्याकडे नाही." आणि वर, "सवय होईल. डोळे मिटून घ्या."

आता रोजचंच झालंय. म्हाताऱ्याचा मुलगा कामावर जाताना त्याला सोडतो, संध्याकाळी घेऊन जातो, आणि रोज मला म्हणतो, "तुमची हरकत नाही ना, काका?" हरकत असली तरी ती कोणत्या तोंडानं सांगायची? म्हातारा आणि ही पायरीवर बसतात, तो तिला गल्लीतल्या माणसांची कुंडली सांगतो, ही हसते. वर्षभरात हसली नव्हती, ते धरून हसते.

काल थकून भागून घरी आलो. खिशात किल्ली चाचपतोय, तोच दार आतून उघडलं. समोर म्हातारा. मला नीट खालवर बघितलं, बाजूला झाला, आणि म्हणाला, "या, बसा."

...आता काय भांडणार? बसलो.