जिंकलो म्हणून सुट्टी

…आणि वर आम्हालाच म्हणे, आराम करा. आता तुम्हीच सांगा, कढईत तेल चांगलं तापलं की कुणी गॅस बंद करून फिरायला जातं का? तुम्हाला सांगतो, त्या ऑक्टोबरात, बेसबॉलच्या बाद फेऱ्यांत, मला चेंडू कलिंगडाएवढा दिसत होता. पहिल्या फेरीत समोरच्यांना सलग हरवून आम्ही मोकळे झालो. पुढच्या वर्षी तुला घेणार नाही, हे क्लबने गोड शब्दांत आधीच सांगून टाकलेलं, म्हणजे अंतिम सामना जिंकणाऱ्या प्रत्येक खेळाडूला अंगठी देतात ना, ती माझ्या बोटात यायची तर याच वर्षी… आणि आम्हाला ज्यांच्याशी खेळायचं, त्यांची मालिका काही संपेना. आज हा जिंकतोय, उद्या तो, मधेच पाऊस. आणि आम्ही घरी. आराम करा म्हणे.

कसला आराम? मी सोफ्यावर बसून हवेत बॅट फिरवतोय, तर बायको, मर्लीन, म्हणते, "डेल, दिवा फोडशील हं."

"अगं, लय जाईल माझी."

"जाऊन जाऊन कुठे जाणार? गॅरेज आवर, तिथे सापडेल."

मग आमचा मॅनेजर गस म्हणाला, हात गंजायला नकोत, आपापसात सामना खेळा. चेंडू टाकायला कोण, तर आमचाच टोबायस. मी उभा राहिलो तर म्हणतो, "म्हाताऱ्या, तुला लागलं तर गस माझी कातडी सोलेल. अंगापासून लांब टाकतो, हाण निवांत." हाणले की मग. रिकाम्या खुर्च्यांत एकामागून एक चेंडू… गस टाळ्या वाजवतोय, मी खूश, टोबायस खूश. आठवडाभर एकाही चेंडूने कुणाच्या बरगडीकडे बघितलं नाही.

आणि मग ते आले. विमानातून थेट, दाढ्या वाढलेल्या, डोळे लाल, एक जण तर बाकावर झोपलेला. आम्हाला दया आली हो त्यांची. पहिलाच चेंडू माझ्या बरगड्यांना वारा घालून गेला आणि माझे पाय आपोआप मागे सरले. चेंडू लागतो, हेच विसरलो होतो आम्ही. सलग हरलो. शेवटच्या सामन्यात एक धाव हवी, आमचा माणूस शेवटच्या टप्प्यावर, तिसऱ्या बेसवर, बॅट माझ्या हातात. चेंडू अंगावर आला, मी सरलो, आणि तो वळून बरोब्बर मधून गेला. बॅट खांद्यावरच. असा तिसरा चेंडू सोडला की बाद, पंचाने हात वर केला… संपलं.

पेपरवाले म्हणाले, सुट्टीने गंज चढला. जिंकलो असतो तर तीच सुट्टी गसची दूरदृष्टी ठरली असती, नाही का? पण मीही तेच धरून बसलो. आराम करा म्हणे, आरामानेच घात केला. तेवढ्यात टोबायसचा फोन. "डेल, आता अंतिम सामन्याआधी त्यांनाही आठवडाभर सुट्टी. बघ गंमत."

बसलो की मी गंमत बघायला, मोठ्या आशेने. त्यांचा माझ्याच जागेवरचा पोरगा आला, मिसरूड फुटलेलं, आणि आठवडाभर पाय पसरून झोपलेल्या त्या पोराने पहिलाच चेंडू मैदानाबाहेर टोलवला. जिंकले ते. आरामात.

मर्लीनने टीव्ही बंद केला. तर सुट्टीला उगाच नावं ठेवू नका. मी अडतीस वर्षांचा होतो, एवढंच.