घळीत थांबलेली झोळी

नाव : ओतोनिएल उर्रेगो. वय : ५८ वर्षे. धंदा : खेचरांवरून माल वाहणे. राहणार : ला ओंदा, जीपचा रस्ता संपतो तिथलं शेवटचं घर, अंतिओकिया प्रांत, कोलंबिया.

कोणी न बोलावता, आज माझ्या पायांनी चौकीत येऊन मी सांगतो की, वर डोंगरातल्या जंगलात ला ब्रूमा येथे सोन्याच्या खाणी आहेत. तिथे रस्ता जात नाही. तांदूळ, गूळ, डिझेल, पंपाचे पाइप, सगळं माझ्या खेचरांच्या पाठीवरून जातं. सोनं आपणच काढतो असं वरच्या पोरांना वाटतं. वाटू दे.

काल सकाळी खेचरं लादून मी निघालो. वाटेत एक घळ लागते. पिढ्यानपिढ्या खुरांनी उकरून ती पुरुषभर खोल झाली आहे. आत लादलेलं जनावर वळत नाही. म्हणून तोंडाशी थांबून हाक द्यायची, वरून ओ आली तर बाहेरच थांबायचं, अशी रीत आहे. मी हाक दिली. ओ आली नाही. मी आत शिरलो.

अर्ध्या वाटेवर समोरून झोळी आली. बांबूला बांधलेली, चार जणांच्या खांद्यावर, आतल्या माणसाच्या तोंडावर फडकं. आमच्याकडे जखमी माणूस उतरवताना खांदेकरी सारखे ओरडत येतात, "जिवंत आहे, वाट सोडा!" ते ऐकलं की आम्ही दोर कापून माल चिखलात टाकतो आणि मोकळी खेचरं कडेला चेपून धरतो. तेवढ्या फटीतून झोळी निघते. मयत मात्र गुपचूप आणतात. मेलेल्याला घाई नसते, त्याने थांबायचं आणि लादलेल्या जनावरांनी पुढे जायचं. हे चौघे गप्प होते.

मी टोपी काढली, छातीवर क्रुसाची खूण केली आणि कडेच्या कोनाड्याकडे बोट दाखवलं. खांदेकरी चौघेही समुद्रकाठचे, नवखे. त्यांना आमची रीत ठाऊक नव्हती. पुढच्याने ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, मयताचा मान राखतोय. त्यांनी झोळी कोनाड्यात घेतली. मधलं एक खेचर चिखलात बसलं, त्याला उठवण्यात बराच वेळ गेला. मी त्याला शिव्या दिल्या, त्याही हळू आवाजात. शेवटचं खेचर सरकलं तेव्हा फडक्याखालून आवाज आला.

"ओतोनिएलकाका, म्हातारं कोण झालं, खेचरं की तुम्ही?"

तो लिबार्दो होता. आदल्या दिवशी खाणीत मातीचा ढिगारा त्याच्या पोटावर आला होता. त्याची बायको नोरेल्बा त्याचे बूट घेऊन मागून येत होती, ती वळणाआड राहिली होती. रात्रभर तो कळांनी तळमळला होता आणि वाटेत त्याचा डोळा लागला होता; माश्या बसू नयेत म्हणून तोंडावर फडकं होतं. खांदेकरी गप्प का होते, असं साहेबांनी विचारलं म्हणून सांगतो. तिने त्यांना म्हटलं होतं, "ओरडू नका रे बाबांनो, जरा झोपू द्या त्याला."

मग मी ओरडलो. खेचरं तशीच सोडून झोळीपुढे धावत सुटलो. समोर वाट अडवायला चिटपाखरू नव्हतं, तरी नदीपर्यंत ओरडत गेलो. वरातीमागून घोडं ते हेच. पलीकडे जीप चालू ठेवून ड्रायव्हर उभा होता. नदीच्या मध्यावर लिबार्दो गेला.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, पोटात रक्त साचलं होतं, अर्धा तास आधी आणला असता तर काही करता आलं असतं. हे त्यांनी नोरेल्बाच्या देखत म्हटलं. ती बाहेर येऊन मला म्हणाली, "काका, गप्प राहा असं मीच सांगितलं होतं ना."

मला माझी लाज वाटते आणि त्या पोरीसाठी धास्ती वाटते. अर्धा तास माझ्या खेचरांनी खाल्ला. फडकं उचलून बघायला माझा हात काही मोडला नव्हता. उद्या ती इथे येऊन सगळं स्वतःच्या माथ्यावर घेईल. ते लिहून घेऊ नये. म्हणून मी तिच्या आधी आलो.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला, तो मी बोललो तसाच आहे. तिचं झोपू द्यायचं वाक्य तेवढं खोडा, असं मी म्हणालो. एकदा लिहिलेलं खोडता येत नाही, असं मला सांगण्यात आलं. सही केली आहे.