कणगीतली भूमिती

बायांनो, शाळेचं तोंड न बघता मी भूमिती शिकले. स्वातंत्र्य नवं होतं, सासरही नवं. दिराचं भूमितीचं पुस्तक मी तांदळाच्या कणगीत लपवलेलं. मामंजींना कळलं तर माहेरी धाडतील ही धास्ती.

शेतातल्या गोल विहिरीवर तुळई टाकायची होती. अंगणात सुतार करवत घेऊन म्हणाला, "विहीर वीस फूट रुंद, तुळई मध्यापासून सहा फुटांवर. लांबी किती धरू?"

मी मनात काटकोन त्रिकोण मांडला. कर्ण दहा, एक बाजू सहा. न राहवून बोलले, "आठ."

सोप्यातून मामंजी कडाडले, "थांब रं. सूनबाई, आठ ही निम्मी जीवा. दुप्पट कर."

मी पदर सावरत आत वळले.

"कणगीतलं पुस्तक वाचतीस, तर पान तरी पुरं वाच की."